तंजावरचे सरफोजी राजे आणि त्यांचे पालक श्वार्ट्झ

रविवारच्या शाळेत मिशनरींच्या गोष्टी सांगताना श्वार्ट्झसाहेबांची गोष्ट आपण बहुधा अशी सांगतो : एक वृद्ध जर्मन मिशनरी, एक पोरका राजपुत्र आणि एक दुष्ट चुलता. चुलता राजपुत्राला अंधाऱ्या खोलीत कोंडतो, मिशनरी त्याला सोडवतो, शिकवतो, आणि शेवटी राजपुत्र गादीवर बसतो. मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण ती संपली की एखादे चुणचुणीत मूल हमखास विचारते की, मग तो राजा ख्रिस्ती झाला का? बालाघाटच्या आमच्या वर्गात हा प्रश्न मला विचारला गेला, तेव्हा मी नाही एवढेच म्हणालो आणि घाईघाईने पुढच्या गीताकडे वळलो. ते बरे केले नाही, असे मागाहून वाटत राहिले. जी गोष्ट आपण अर्धीच सांगतो ती मुलांनाही अर्धीच कळते. म्हणून सरफोजी राजांचे चरित्र शिक्षकांसाठी थोडे सविस्तर लिहीत आहे.

आरंभी घराण्याविषयी. आपल्या भागात भोसले म्हटले की नागपूरकर भोसले आठवतात. बालाघाट, लांजी हा सगळा मुलूख एके काळी त्यांच्याच अमलाखाली होता. तंजावरचे भोसले ते नव्हेत. तंजावरकर हे शिवछत्रपतींच्या सावत्र भावाचे वंशज. शहाजीराजांची मोठी जहागीर कर्नाटकात बंगळूरकडे होती. जिजाबाईंचे पुत्र शिवाजीराजे पुण्याकडे राहिले आणि तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजी, ज्यांना एकोजीही म्हणत, ते बापाजवळ दक्षिणेत राहिले. विजापूरच्या आदिलशहाच्या चाकरीत असताना १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर घेतले आणि ते तेथेच राजे झाले. पुढे १६७७ साली शिवाजीराजे दक्षिणेच्या स्वारीवर गेले, तेव्हा बापाच्या दौलतीत आपला वाटा किती यावरून दोघा भावांत चांगलेच वाजले. वडिलार्जित इस्टेटीचे भांडण राजवाड्यांतही चुकत नाही, मग आपल्या घरांचे काय सांगावे! अखेर तह झाला आणि तंजावर व्यंकोजींच्या वंशाकडे राहिले. तमिळ मुलखाच्या ऐन मध्यात, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, मराठी बोलणारे हे राजघराणे सुमारे १८० वर्षे नांदले. हिंदी मुलखात राहून घरात मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे थोडे अगत्य वाटावे.

या राज्याच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी नावाचे एक लहानसे बंदर आहे. जुन्या पुस्तकांत त्याला ट्रँकेबार म्हणतात. मराठे येण्याच्या कितीतरी आधी, १६२० साली, तेथल्या रघुनाथ नायक राजाने ते डेन्मार्कच्या लोकांना दिले. डेन्मार्कच्या राजाला त्याने सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले पत्र पाठवले, ते कोपनहेगनला अजून जपून ठेवलेले आहे. डॅनिश लोक या जागेबद्दल तंजावरच्या दरबाराला दरसाल ठरलेली रक्कम भरत आणि मराठ्यांचे राज्य आल्यावरही ती भरत राहिले. म्हणजे युरोपातला एक राजा मराठी राजाचा एका अर्थाने कूळच होता. याच बंदरात १७०६ च्या जुलै महिन्यात डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले त्सिगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाऊ हे दोन तरुण मिशनरी उतरले, आणि भारतातील प्रोटेस्टंट मिशनकार्याला आरंभ झाला. डॅनिश निशाणाचे आपल्यावर आणखी एक ऋण आहे. बंगालमधील सेरामपूर हेही डॅनिश ठाणे होते. इंग्रज कंपनी मिशनरींना थारा देत नव्हती, त्या काळात केरीसाहेबांना तेथे आसरा मिळाला. तेथेच १८०५ साली नागपूरकडील वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साहाय्याने त्यांचे मराठी व्याकरण आणि मत्तयाचे मराठी शुभवर्तमान छापले गेले. पाळकांच्या पदव्यांवर सेरामपूरचे नाव असते. तो अधिकार त्या विद्यालयाला १८२७ साली डेन्मार्कच्याच राजाने सनद देऊन दिला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

आता श्वार्ट्झसाहेब. ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली प्रशियातील झोनेनबुर्ग या गावी झाला. आई ते तान्हे असतानाच वारली. जाताना हा मुलगा देवाच्या सेवेला द्यावा असे ती नवऱ्याला आणि पाळकाला सांगून गेली होती. हाले येथे शिक्षण झाले. तेथेच हिंदुस्थानात जाण्याचा निश्चय ठरला. निघताना वडिलांच्या इस्टेटीतला आपला सारा वाटा त्यांनी भावाबहिणींच्या नावे सोडून दिला. १७५० साली ते तरंगंबाडीस उतरले आणि परत मायदेशी कधीच गेले नाहीत. लग्नही केले नाही. पुढे तिरुचिरापल्ली आणि नंतर तंजावर ही त्यांची कर्मभूमी झाली. तमिळ तर ते बोलतच, पण पोर्तुगीज, फारसी, हिंदुस्थानी यांवरही त्यांचा हात होता. आणि तंजावरच्या दरबारात दुभाष्याशिवाय बोलता यावे म्हणून ते मराठी शिकले. आपल्या भाषेत सुवार्ता बोलणारे ते फार आरंभीचे प्रोटेस्टंट उपदेशक होत. ही गोष्ट आपल्या मंडळ्यांत क्वचितच सांगितली जाते.

त्यांच्या शब्दाला त्या मुलखात काय किंमत होती हे दोन प्रसंगांवरून दिसते. हैदरअलीच्या स्वाऱ्यांच्या दिवसांत तंजावरच्या किल्ल्यात अन्नान्नदशा झाली. बाहेर धान्य होते, पण पूर्वी घेतलेल्या मालाचे पैसे सरकारने बुडवले होते, म्हणून कुणी बैल जोडायला तयार होईना. राजाच्या शब्दावर विश्वास नाही, इंग्रजांच्याही नाही. तेव्हा श्वार्ट्झ यांनी पैसे मिळण्याची हमी स्वतः घेतली. एकदोन दिवसांत हजारावर बैल मिळाले आणि ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात आले. (कलम हे तिकडले माप.) पुढे त्यांनी पै न् पै चुकती करवली. दुसरा प्रसंग : जुलमी कारभाऱ्याला कंटाळून हजारो शेतकरी गावे टाकून निघून गेले, शेते ओस पडली. राजाने आश्वासने पाठवली तरी कुणी फिरकेना. श्वार्ट्झ यांनी बोलावणे धाडताच एका दिवसात सुमारे सात हजार माणसे परतली. १७७९ साली मद्रासच्या गव्हर्नराने त्यांना हैदरअलीकडे शांततेची बोलणी करण्यासाठी पाठवले. हैदरने प्रवासखर्च म्हणून दिलेली तीनशे रुपयांची थैलीही त्यांनी स्वतःजवळ ठेवली नाही. ती तंजावरच्या पोरक्या इंग्रज मुलांच्या शाळेकडे गेली.

तंजावरला त्या वेळी दुसरे तुळजाजी राजे होते. अर्काटच्या नबाबाने इंग्रजांच्या मदतीने १७७३ साली त्यांचे राज्य घेतले होते. १७७६ साली ते परत मिळाले, पण राजे मनाने खचले ते पुन्हा उभे राहिले नाहीत. त्यातच मुलेबाळे एकामागून एक वारली. वंशाला दिवा राहिला नाही. तेव्हा १७८७ च्या जानेवारीत, मृत्यू अगदी जवळ आला असताना, त्यांनी भोसले कुळातल्याच एका शाखेतील मुलगा दत्तक घेतला. तो मुलगा म्हणजे सरफोजी. जन्म २४ सप्टेंबर १७७७, म्हणजे दहावे वर्ष चालू होते.

यापुढचा प्रसंग आपण गोष्टीत सांगत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट येथेच आहे. तुळजाजींनी श्वार्ट्झ यांना बोलावून घेतले, मुलाला त्यांच्यापुढे उभे केले आणि हा आता माझा नव्हे, तुमचा मुलगा आहे, तुम्हीच याचे पालक व्हा आणि राज्यही सांभाळा, अशा अर्थाची विनवणी केली. श्वार्ट्झ यांनी ती स्वीकारली नाही. आपण बागेतल्या घरात राहणारा उपदेशक, राजवाड्यातल्या मुलाचे रक्षण आपण कसे करणार आणि राज्य कसे चालवणार, हा त्यांचा विचार. राजांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांना मुलाच्या वतीने कारभार पाहू द्यावा, असा सल्ला त्यांनी दिला. राजांनी तो मानला. अमरसिंगांना बोलावून, या मुलाला आपल्या मुलासारखे सांभाळ असे सांगितले आणि थोड्याच दिवसांत ते वारले.

सल्ला साधुवृत्तीचा होता यात शंका नाही. सुवार्तिकाने राज्यकारभारात हात घालू नये हे आपण सारेच मानतो. पण त्या सल्ल्याचे पुढे काय झाले ते पाहा. राजा वारताच अमरसिंगांनी गादीवर स्वतःचाच हक्क सांगितला. कंपनी सरकारने पंडितांना विचारले. मुलगा आपल्या जन्मदात्याचा एकुलता एक आहे, वयाने मोठा आहे आणि दत्तक घेणाऱ्याची बुद्धी त्या वेळी ठिकाणावर नव्हती, अशा कारणांवरून त्यांनी दत्तविधान अशास्त्र ठरवले. अमरसिंग राजे झाले आणि नऊ वर्षांचा सरफोजी त्यांच्याच हाती राहिला. त्याला राजवाड्यातल्या एका बंद, उजेड नसलेल्या जागी ठेवण्यात आले. धड शिक्षण नाही, मोकळी हवा नाही. मयत राजांच्या विधवा राण्यांचेही हाल झाले.

श्वार्ट्झ यांनी हे आपले पाप मानले की नाही हे कोण सांगणार? पण पुढची दहा वर्षे ते ज्या चिकाटीने या एका मुलाच्या मागे लागले, ती चिकाटी केवळ दयेची वाटत नाही. एकदा नाकारलेले पालकत्व त्यांनी पुन्हा, आणि पुष्कळ महाग किमतीने, उचलून घेतले. मद्रास सरकारकडे त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिले. अखेर सरकारने मुलाची देखरेख त्यांच्याकडे सोपवली आणि पहाऱ्याला शिपाई दिले. तरीही राजवाड्यात मुलाचा जीव सुरक्षित नाही असे दिसले, तेव्हा १७९३ साली सरफोजी आणि राण्या यांना मद्रासला हलवण्यात आले. तेथे वेपेरीचे मिशनरी गेरिके यांनी त्यांच्या अभ्यासाकडे पाहिले. श्वार्ट्झही शिकवायला आणि विचारपूस करायला होतेच.

मद्रासेत असताना दत्तकाचा प्रश्न पुन्हा उकरून काढण्यात आला. यातही श्वार्ट्झ पुढे होते, आणि येथे त्यांनी जे केले ते मला नेहमी विस्मयकारक वाटते. हा ख्रिस्ती उपदेशक हिंदू धर्मशास्त्रातील दत्तकप्रकरणाच्या आधारे युक्तिवाद करू लागला. एकुलता मुलगा दत्तक देता येतो की नाही, वयाची अट काय, अशी एकेक हरकत घेऊन त्यांनी उत्तरे लिहिली. दुसऱ्या ठिकाणच्या पंडितांची मते मागवली गेली. ती दत्तविधानाच्या बाजूने पडली आणि पहिल्या पंडितांना पैसे चारले होते असे उघडकीस आले. सर जॉन शोर यांच्या सरकारने सरफोजींचा हक्क मान्य केला. अमरसिंगांना तनखा देऊन तिरुविडैमरुदूर या गावी ठेवण्यात आले. २९ जून १७९८ रोजी सरफोजी तंजावरच्या गादीवर बसले.

तो दिवस श्वार्ट्झ यांनी पाहिला नाही. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला, वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते देवाघरी गेले होते. अखेरच्या आजारात सरफोजी भेटीस आले, तेव्हा श्वार्ट्झ यांनी त्यांना जवळ बसवून घेतले. राजवैभवाचा लोभ धरू नये, न्यायाने राज्य करावे, ख्रिस्ती प्रजेला छळू देऊ नये, आणि एका खऱ्या देवाकडे वळावे, असा उपदेश त्यांनी केला. म्हणजे सुवार्ता सांगायची ते राहिले नव्हते. ती त्यांनी सरळ सांगितली. पण इतकी वर्षे तो मुलगा सर्वस्वी त्यांच्या हाती असताना, त्याच्या असहायतेचा फायदा घेऊन त्याचा बाप्तिस्मा उरकून घ्यावा, असे त्यांनी केले नाही. दफनाच्या वेळी शवपेटी बंद होण्याआधी सरफोजी आले, मृत गुरूंकडे पाहून ढसढसा रडले, शवावर जरीचे वस्त्र घातले आणि कबरीपर्यंत चालत गेले. तेथल्या राजांनी असे मृताजवळ जाणे रीतीला सोडून होते. पुढे कबरीवरच्या दगडासाठी त्यांनी स्वतः इंग्रजीत काही ओळी रचून कोरवल्या. श्वार्ट्झ यांना ते वडील म्हणत आणि तसेच लिहीत.

इतक्या खटपटीने जे राज्य मिळाले ते किती दिवस टिकले? जेमतेम सोळा महिने. २५ ऑक्टोबर १७९९ रोजी तह झाला आणि सगळा मुलूख, वसुली, न्याय, फौज कंपनीकडे गेली. राजांकडे तंजावरचा किल्ला, महाराज ही पदवी, दरसाल एक लाख होन आणि राज्याच्या निव्वळ वसुलीचा पाचवा हिस्सा एवढे उरले. आपल्याकडील इतिहासकार येथे श्वार्ट्झ यांच्याकडे बोट दाखवतात. इंग्रजांना सोयीचा राजा त्यांनी घडवून दिला, असे म्हणतात. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. मिशनरीचे मन स्वच्छ असेल, पण ज्या कंपनीच्या दारात तो न्याय मागायला गेला, तिचा हिशेब वेगळा होता. मात्र अमरसिंग गादीवर राहते तर राज्य राहिले असते, असेही कुणाला छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्या दोनचार वर्षांत आसपासची काही संस्थानेही त्याच वाटेने गेली.

बावीस वर्षांचा हा तरुण, पदवी आहे पण राज्य नाही. असे नामधारी राजे त्या काळी पुष्कळ होते. नाचगाणी, शिकार आणि कर्ज यांत ते आयुष्य घालवीत. सरफोजींनी काय केले ते सांगताना मात्र लेखणी आवरावी लागते. वाड्यातला जुना पोथीसंग्रह त्यांनी वाढवून त्याचे सरस्वती महाल हे मोठे ग्रंथालय केले. १८२० साली सुमारे तीन हजार माणसे बरोबर घेऊन ते काशीयात्रेला निघाले. परत येताना पोथ्यांच्या गाठोड्यांची भर घेऊन आले. आज त्या ग्रंथालयात सुमारे एकोणपन्नास हजार हस्तलिखिते आहेत आणि त्यांत मराठीची तीन हजारांहून अधिक. रामदासी संतांच्या कित्येक रचना महाराष्ट्रात न मिळता तेथे मिळाल्या. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन पुस्तकेही त्यांनी हजारांनी विकत घेतली. कित्येकांवर त्यांची सही आहे, म्हणजे नुसती कपाटे भरली नव्हती.

त्यांनी वाड्यात छापखाना घातला, देवनागरी खिळे पाडवले आणि १८०६ च्या सुमारास बालबोधमुक्तावली हे इसापनीतीचे मराठी पुस्तक छापले. भाषांतर दरबारच्या सखण पंडितांचे. मुंबई-पुण्यात मराठी छापील पुस्तक मुलांच्या हाती पडण्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. नवविद्या नावाने शाळा काढल्या, त्यांत फी नव्हती. धन्वंतरी महाल या दवाखान्यात वैद्य, हकीम आणि इंग्रजी डॉक्टर यांना एकत्र बसवून औषधे तपासली जात. डोळ्यांच्या चाळीसहून अधिक रुग्णांची टिपणे तेथली उरली आहेत. प्रत्येक रुग्णाच्या डोळ्याचे रंगीत चित्र, काय औषध दिले, मोतीबिंदू काढल्यावर किती दिसू लागले, सगळे लिहिलेले. अंधारात कोंडलेल्या मुलाने मोठेपणी आंधळ्यांचे डोळे बरे करण्यात इतके लक्ष घालावे, यात कुणाला काही दिसेल, कुणाला नाही. मला दिसते.

आता त्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला. तो फार मोठा लेख आहे. देवदेवतांची पूजा, यात्रा, दानधर्म सारे त्यांनी अखेरपर्यंत केले. काशीयात्रेचे वर सांगितलेच. श्वार्ट्झ यांचा देव त्यांना कळला नव्हता असे नाही, त्यांनी तो स्वीकारला नाही. पण ख्रिस्ती लोकांशी ते कसे वागले हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या चाकरीतल्या ख्रिस्ती शिपायांना आणि नोकरांना रविवारी व सणाच्या दिवशी उपासनेसाठी मोकळीक असे. कण्णंदंगुडी येथे सुमारे पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या अन्नवस्त्राची आणि शिक्षणाची तरतूद त्यांनी केली. आंधळे, पांगळे यांनाही तेथे आधार दिला. श्वार्ट्झ यांच्याच हाताखाली शिकलेले तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री यांना त्यांनी आश्रय दिला. दक्षिणेतल्या मंडळ्यांत आजही गायिली जाणारी पुष्कळ भक्तिगीते त्यांची आहेत.

आणि आपली बाजूही झाकून ठेवू नये. श्वार्ट्झ यांच्या मंडळीत उच्च मानलेल्या जातीचे ख्रिस्ती एका बाजूला आणि इतर दुसऱ्या बाजूला बसत. हळूहळू सुटेल म्हणून त्यांनी ते चालू दिले. ते सुटले नाही. त्यांच्या मागून तंजावरच्या मंडळीत त्यावरून मोठा तंटा झाला आणि पुष्कळांनी मंडळी सोडली. राजवाड्यातून ख्रिस्ती मंडळीकडे पाहणाऱ्या माणसाला हे दिसत नसेल काय? राजांच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही. पण वर्गात हा प्रश्न आला तर शिक्षकांनी राजाच्या कठीण हृदयाबद्दल बोलण्यापूर्वी आपल्या बाकांकडेही एकदा पाहावे.

१८२६ च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप हीबर तंजावरला आले. ईस्टरची उपासना त्यांनी तेथेच केली आणि राजांना भेटले. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, इंग्रजी काव्य यांवर सफाईने बोलणारा हिंदी राजा पाहून ते थक्क झाले. दोघांचे सूत जमले. राजपुत्र शिवाजी यांना आपल्याबरोबर न्यावे आणि शिकवावे असे बिशपसाहेबांच्या मनात आले. बापाची हरकत नव्हती, पण आईने मुलाला सोडले नाही. काही दिवसांतच, ३ एप्रिलला, हीबर तिरुचिरापल्ली येथे हौदात स्नान करताना एकाएकी वारले. राजवाड्यातल्या दुसऱ्या मुलाला मिळू शकणारा गुरू असा हातचा गेला.

सरफोजी राजे ७ मार्च १८३२ रोजी वारले. पुत्र शिवाजी पदवीवर आले. १८४५ साली डेन्मार्कने तरंगंबाडी आणि सेरामपूर ही दोन्ही ठाणी साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकली आणि राजांचे ते जुने कूळही गेले. १८५५ साली शिवाजी राजे वारले. पुत्र नव्हता. आमच्या नागपूरला १८५३ साली तिसरे रघुजी वारल्यावर जे झाले तेच येथे झाले. डलहौसीसाहेबांच्या सरकारने वारस नाही असे म्हणून पदवी बंद केली. इतकेच नव्हे, तर राजांची खाजगी मालमत्ता, जडजवाहीर, वाडेदेखील जप्त केले. राणी कामाक्षीबाई इंग्रजांच्या कोर्टात गेल्या आणि दावा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. १८५९ साली निकाल लागला तो असा की, झाले ते न्यायाला धरून असो वा नसो, ते सरकारचे राजकीय कृत्य आहे आणि त्याचा न्याय करण्याचा अधिकार कोर्टाला नाही. कायदा शिकणाऱ्यांना हा दावा अजून शिकवतात. पुढे १८६२ साली सरकारने मेहेरबानी म्हणून खाजगी इस्टेट राण्यांना परत केली, आणि मग तिच्या वाटण्यांवरून घराण्यात बरीच वर्षे दावे चालले. नागपूरकरांना १८६० साली सातारा जिल्ह्यातले देऊर आणि राजाबहादूर ही पदवी वंशपरंपरेने मिळाली, तेवढे तरी पदरात पडले. तंजावरकरांना पदवी परत मिळाली नाही.

आज त्या दौलतीतले काय उरले आहे? भोसल्यांचे वंशज तंजावरात आहेत आणि राजवाड्याच्या अठ्ठ्याऐंशी देवळांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद त्यांच्याकडे आहे. सरस्वती महाल १९१८ पासून सर्वांना खुला झाला. आणि किल्ल्यातल्या शिवगंगा बागेजवळ १७७९ साली श्वार्ट्झ यांनी बांधलेले चर्च आहे. त्याच्या भिंतीत संगमरवराचे एक शिल्प बसवलेले आहे. ते सरफोजी राजांनी आपल्या खर्चाने लंडनच्या फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून करवून घेतले. ख्रिस्ती उपासनामंदिरासाठी एका हिंदू राजाने मागवलेले ते स्मारक आहे.

शिल्पात श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहेत. उशाशी गेरिके उभे आहेत. राजे आपल्या कारभाऱ्यांसह आले आहेत आणि त्यांनी मरणाऱ्याचा हात आपल्या हातात घेतला आहे. पलंगाजवळ शाळेतली तीन लहान मुले उभी आहेत. मोठी माणसे कोण कोण ते सगळ्यांना सांगता येते. त्या तीन मुलांची नावे कुणी लिहून ठेवलेली नाहीत.